पूजेत बसलेली कुपी

मुलांनो, तुमच्या आईने परवा तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे, की तिची पीएच.डी. तुमच्या पणजीने जवळजवळ बुडवली होती. तिच्या सांगण्यात दोन चुका आहेत. पणजीचा हेतू पीएच.डी. तारण्याचा होता, आणि निम्मा दोष माझा होता, तो तिने सौजन्याने गाळला. त्या दुपारचं सगळं नीट आठवणारी आता मी एकटीच उरले आहे. गोष्ट चुकीची पुढे जाण्याआधी लिहून ठेवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. मी ठाण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमची आई मुंबईत केमोकाइन रिसेप्टर या विषयावर संशोधन करत होती. पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे काय आहे ते एकदा जेवताना तिने समजावलं.

"आजी, असं समज, पेशीला नाकं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणायचं. शरीरात सूज आली की तिथून एक वास सुटतो, तो केमोकाइन. पेशी त्या वासामागे जाते."

"खालच्या मजल्यावर भजी तळली की तुझा बाप जातो तशी."

तुमचे आजोबा ताटातून वर बघेनात.

"तशीच. आता लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर. त्यातल्या बिघडलेल्या पेशी असल्याच वासावर गाठीत जाऊन ठाण मांडतात. आणि तुझ्या आमवातात, शरीराचं रक्षण करायच्या पेशी विनाकारण सांध्यात गर्दी करतात. ते नाक बंद करणारं औषध सापडलं, तर त्या जाणार नाहीत."

"म्हणजे तुम्ही पेशीला सर्दी करणार."

"आमच्या सरांनासुद्धा इतकं थोडक्यात जमलं नव्हतं," तुमची आई म्हणाली.

"मग आधी माझ्या बोटांतल्यांना कर. सकाळी डब्याचं झाकण उघडत नाही मला."

त्या दिवसापासून सासूबाई या संशोधनात मनाने सामील झाल्या. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्या नाकांपैकी एक लिम्फोमाच्या पेशींवर आहे की नाही, हे तुमच्या आईला दाखवायचं होतं. त्यासाठी परदेशाहून एक कुपी आली होती, करंगळीच्या पेराएवढी. तिच्यातलं द्रव्य त्या नाकाला चिकटतं आणि प्रकाशात चमकतं. ती यायला पाच महिने लागले होते. चमक मोजायचं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं आणि तिथला नंबर मिळाला होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तो हुकला तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुढच्या वर्षावर. त्यात तिच्या प्रयोगशाळेचा फ्रिज नेमका सुट्टीच्या तोंडावर बंद पडला. म्हणून खंडेनवमीला ती कुपी थर्मासमध्ये बर्फ घालून घरी घेऊन आली.

"थंडच राहायला हवी, पण गोठता कामा नये. आणि उजेड नको," असं बजावून तिने कुपीला चंदेरी कागद गुंडाळला.

माझ्या फ्रिजमध्ये प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, हे तुम्ही पाहिलंच आहे. मी कुपी एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवली, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हा खाद्यपदार्थ नाही, हलवू नये', आणि डबी मधल्या कप्प्यात ठेवून दिली. लिहिलं मात्र इंग्रजीत. घरात इंग्रजी न वाचणारी एकच व्यक्ती होती, आणि रोज सकाळी फ्रिज पहिल्यांदा तीच उघडायची.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार, ते पूजेला लागतं. पाटीवर सरस्वती काढलेली, शेजारी माझा लाल पेन आणि शब्दकोश, आजोबांचा पाना, शिवणयंत्राची कात्री. मी श्रीखंड फेटण्यात गुंतले होते. तुमची आई सकाळीच सरांकडे गेली होती, ती चारला परत आली. पाटासमोर नमस्काराला वाकली आणि तशीच राहिली. शब्दकोशावर झेंडूच्या दोन फुलांमध्ये कुपी उभी होती. तिला हळदकुंकू लागलं होतं, डोक्यावर अक्षता होत्या आणि पुढे उदबत्ती.

"आजी, ही कधीपासून इथे आहे?"

"नवापासून. चिठ्ठी इंग्रजी होती, तेव्हाच ओळखलं की तुझ्या अभ्यासाचं. तुझं हत्यार तेवढं फ्रिजमध्ये राहिलं असतं, बरं दिसलं असतं का?"

"सात तास," तुमची आई माझ्याकडे बघून म्हणाली. मी श्रीखंडाकडे बघितलं. तिने हात पुढे केला, तो सासूबाईंनी वाटेतच धरला.

"हलवायची नाही. सोनं वाटून झाल्याशिवाय पूजेतलं काही उचलत नाहीत."

"सोनं सातला वाटतात आजी. ती खराब होईल."

"पूजेत खराब होईल?"

"पूजेत नाही, गरमीत."

सासूबाईंनी कुपीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उरकणं होतं. "मग आत्ता वाटू," त्या म्हणाल्या, आणि आपट्याची पानं घेऊन दुखऱ्या गुडघ्यांनी शेजारच्या दारात उभ्या राहिल्या. शेजारचे गृहस्थ बनियनवर, डोळे चोळत बाहेर आले.

"सोनं घ्या."

"आजी, चार वाजलेत."

"घ्या हो लवकर. कॅन्सरचं औषध तापतंय."

त्यांनी घेतलं आणि वाकून नमस्कारही केला. सव्वाचारला कुपी फ्रिजमध्ये होती. मी चिठ्ठी मराठीत लिहिली.

दुसऱ्या दिवशी तुमची आई पहाटेच बाहेर पडली. सासूबाईंनी दिवसभर जपाची माळ हातात धरली, पण लक्ष दाराकडे होतं. संध्याकाळी ती आली, चपलाही न काढता टेबलावर एक कागद पसरला. त्यावर आलेखाच्या दोन टेकड्या होत्या. ही साध्या पेशींची, ही लिम्फोमाच्या पेशींची, आणि दुसरी पार उजवीकडे, जास्त चमकेच्या बाजूला, सरकलेली. म्हणजे नाक होतं आणि कुपी चमकली होती.

"चंदेरी कागद होता म्हणून वाचली," तुमची आई म्हणाली.

"असेल. कागदालाही कुंकू लावलं होतं मी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या बोटांना त्यातून काही मिळालं नाही. आमवातासाठी असली औषधं पुढे अनेकांनी करून पाहिली, ती बरीचशी फसली, असं तुमची आई सांगते. लिम्फोमाच्या एका प्रकारावर मात्र खरंच एक औषध आलं, पेशीवरच्या अशाच एका नाकावर जाऊन बसणारं. तोवर सासूबाई गेल्या होत्या. डब्याची झाकणं शेवटपर्यंत मीच उघडून देत होते.

तो टेकड्यांचा कागद त्यांनी तुमच्या आईकडून मागून घेतला होता. डोंबिवलीच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात तो अजून आहे. शाई फिकट झाली आहे, पण दुसरी टेकडी दिसते.