नाव नसलेला आकडा

माझे यजमान नंदुरबारला एका लहानशा इंटरनेटच्या ऑफिसात कामाला होते. गावोगावी उंच जागेवर अँटेना बसवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. मिरची बाजारातल्या गाळ्यांवर चढून आले की दिवसभर शिंकत असायचे. कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण त्या पाण्यात हात घातला तरी आग व्हायची. आम्ही राहायला जवळच्याच कोरीट गावात. आमच्या स्लॅबवरही एक अँटेना होती. ती अजून आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं नंतर मुलीच्या अंकलिपीतून तिच्यासोबत गिरवली. ती आता लग्न होऊन सुरतला आहे. अक्षरं ओळखू येतात, जोडून वाचायला वेळ लागतो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

प्रत्येक अँटेनाला एक आकडा असतो. चार तुकड्यांचा, मध्ये टिंबं. घराला घर नंबर असतो तसा. रोज सकाळी संगणकाच्या काळ्या पडद्यावर ते एक शब्द टाइप करायचे, की संगणक सगळ्या अँटेनांना एकेक करून हाक मारायचा. जी ओ देणार नाही तिचा आकडा पडद्यावर उमटायचा. यजमानांना सगळे आकडे पाठ होते. आकडा दिसला की लगेच म्हणायचे, हे रनाळे, हे प्रकाशा, हा काठीकडच्या डोंगरावरचा. पण ऑफिसातल्या बाकीच्यांना काही कळायचं नाही. ते फोन करून विचारत बसायचे. म्हणून यजमानांनी एक सोय केली. एका फाइलीत डावीकडे आकडे आणि उजवीकडे नावं लिहिली. आणि असा एक शब्द तयार केला, की नेहमीच्या शब्दापुढे उभी रेघ मारून तो लिहिला तर पडद्यावर आकड्यांच्या जागी गावांची नावं येतात.

त्यासाठी त्यांनी ऑफिसचा संगणक दोन दिवस घरी आणला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला ते दाखवलं. खूश होते. रेघेच्या अलीकडे, मग पलीकडे बोट ठेवत म्हणाले:

"देख, ही उभी रेघ म्हणजे ठिबकना फिल्टर. आठून आकडा जातस, तठून नावं निंघतस."

"मंग तुमले कसाले पायजे? तुमले तर पाठ शेतस."

"माले नही व. ज्यासनं डोकं चालत नही, त्यासले."

ते हसले आणि मीही हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, आणि बोलणं असं गेलं की नावं तेवढी गेली. आकडे राहिले. ताटात तीन भाकऱ्या वाढल्या तर "तीन" म्हणायचे. भाकरी म्हणता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, काही लोकांचं असं होतं, रोज सराव घ्या.

सरावासाठी नंदुरबारला दवाखान्यात जावं लागायचं. डॉक्टर चित्रं दाखवायचे. कप, छत्री, बैल. एक दिवस त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि ह्या कोण? नाव सांगा बरं यांचं."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घातली. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले.

मला सांगायचं होतं की साहेब, यांनी लग्न झाल्यापासून माझं नाव घेतलेलं नाही. आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही, बायको तर नाहीच नाही. "आयकं का?" एवढीच त्यांची हाक. तुम्ही विचारलं म्हणून ते कसं घेतील? पण तेवढ्यात डॉक्टर मलाच म्हणाले, "बरं, तुम्ही सांगा यांचं नाव. तुमचं ऐकून कदाचित बोलतील."

मी पदर तोंडाला लावला. सोबत नणंद आली होती, तिने भावाचं नाव सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, "मला तर दोघांचाही आजार सारखाच दिसतोय."

नणंदही हसली. मी यजमानांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. घरी येईपर्यंत रिक्षात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. त्यांना माझं नाव आठवलं नाही, की आठवूनही त्यांनी घेतलं नाही? तेव्हा ते मला त्यांना विचारता आलं नाही. उत्तर द्यायला त्यांना तेच नाव घ्यावं लागलं असतं.

ऑफिसचे मालक चांगले होते. त्यांनी संगणक घरी आणून दिला. जमेल तेवढं बघा म्हणाले. ते काम मग आम्ही दोघं मिळून करू लागलो. सकाळी त्यांना उशी लावून खुर्चीत बसवायचं. मी शेजारी स्टुलावर. कोणती अक्षरं दाबायची ते डाव्या हाताने दाखवायचे, मी दाबायची. उभी रेघ सापडायला मला पहिल्या दिवशी किती वेळ लागला! मग पडद्यावर नावं यायची. मी अक्षर अक्षर जुळवून वाचायची आणि ऑफिसात फोनवर बसणाऱ्या मुलीला सांगायची. ती मला काकू म्हणायची. पहिल्या दिवशी फोनवर माझा आवाजच निघेना. ती म्हणाली, "काकू, घाई नाही. मी धरून ठेवते."

एकदा नणंद आली, तिने हे पाहिलं.

"ओ माय! वहिनी, तू ते इंजिनेर व्हई गई व! आते भाऊ तुन्हा हाताखाली."

यजमान एका बाजूने हसले. आजारानंतरचं ते पहिलं हसू.

ज्यांचं डोकं चालत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय त्यांच्याच कामी आली, हे त्यांच्याही मनात येत असेल. मी वाचलेलं गाव त्यांच्या कानावर पडलं की ते ओठ हलवून पाहायचे. "र..." म्हणायचे. एकदा "रनाळे" पूर्ण म्हणाले. त्या दिवशी मी शिरा केला.

यादीत एक आकडा मात्र आकडाच राहायचा. वीज गेली की संगणक बॅटरीवर आणि फोनच्या नेटवर चालायचा, आणि तेव्हा हा आकडा हमखास दिसायचा. बाकीची नावं आणि त्यांच्यामध्ये हा उघडा आकडा. फाइलीत त्याच्यापुढे नावच लिहिलेलं नव्हतं. एक दिवस मी विचारलं, "हाई कोनतं गाव?" त्यांनी बोट वर छताकडे केलं. आमच्याच स्लॅबवरची अँटेना. एवढ्या गावांना नावं दिली आणि घराचंच राहिलं. त्यांना पाठ होतं, म्हणून लिहायची गरज पडली नसेल.

मी म्हटलं, "मंग आते काय नाव देऊत?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. बोट थोडं वर सरकवलं आणि तिथेच टेकवून ठेवलं. मला वाटलं, माझा हात पडद्याच्या आड येतोय. मी हात काढून घेतला. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, मी उठून गेले. परत आले तर ते डोळे मिटून बसले होते. मी विचारलं, सांगा ना. त्यांनी मान हलवली आणि तो आकडाच म्हटला, चारही तुकडे, नीट.

पंधरा दिवसांनी दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

दिवस झाले, लोक गेले. एक दिवस मी भांडी घासत होते. राखेचं पाणी हातावरून वाहत होतं आणि मनगटाच्या वर गोंदण दिसलं. लग्नाच्या आधी जत्रेत आईने माझं नाव गोंदून घेतलं होतं. सासरी मला सगळे कुणाची वहिनी, कुणाची काकू, कुणाची आई म्हणूनच ओळखतात. त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही. ती अक्षरं फिकट हिरवी झाली आहेत, मी त्यांच्याकडे कधी पाहतही नाही. आकड्याला काय नाव देऊ विचारलं, त्या दिवशी त्यांचं बोट नेमकं तिथे होतं.

मी तशीच राखेच्या हाताने बसून राहिले. त्यांना माझं नाव माहीत होतं. तोंडाने घ्यायचं नाही म्हणून त्यांनी बोटाने घेतलं. आणि मी हात काढून घेतला. कदाचित असं नसेलही. कदाचित माझा हात खरंच आड येत असेल. पण आता कुणाला विचारू?

संगणक परत न्यायला ऑफिसची गाडी येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीने तो सुरू केला. फाइल उघडायची रीत मला त्यांच्यामुळे येत होती. शेवटच्या ओळीवर तो आकडा होता. पुढे माझं नाव लिहायचं असं ठरवून बसले होते. त्यांनीच तसं सांगितलं होतं ना. पण समोर खिळ्याला त्यांचं ऑफिसचं ओळखपत्र टांगलेलं होतं. माझं नाव त्या यादीत कुणी ओळखलं नसतं, त्यांचं सगळ्यांनी ओळखलं असतं. मी ओळखपत्र खाली काढलं आणि त्याच्यावरून एकेक अक्षर बघून त्यांचं नाव लिहिलं. तोंडाने घेतलं नाही. बोटाने घेतलं. शेवटच्या अक्षरापर्यंत येताना माझे कान गरम झाले होते, नव्या नवरीसारखे.

संगणक गेला, यादीही त्याच्यासोबत गेली. स्लॅबवरच्या अँटेनाची वायर मी काढून ठेवली.

काही दिवसांनी सकाळी फोन वाजला. ऑफिसातली तीच मुलगी.

"काकू, कशा आहात? एक विचारायचं होतं. रोज यादीत एक नाव येतंय. ओ देत नाही म्हणून." मग तिने यजमानांचं नाव वाचलं. पूर्ण नाव, आडनावासकट. "हे सरांचंच ना?"

मी हो म्हटलं.

"तुमच्या स्लॅबवरची असेल. बंद आहे का ती?"

"हो. बंद आहे."

"मग फाइलीतून काढून टाकू? नाहीतर रोज दाखवत राहील."

या वेळी माझा आवाज लगेच निघाला.

"दाखवू दे, बाई," मी म्हटलं. "राहू दे ते."