माझं विचारायचं राहिलंय

आमच्या घरात देवीला विचारल्याशिवाय पान हलत नसे. बोअर कुठं मारायची, म्हैस घ्यायची का, आत्याच्या स्थळाला होकार द्यायचा का, सगळ्याला वडिलांचं एकच उत्तर, "कौल लावू." औंधजवळच्या आमच्या गावात यमाईचं लहानसं ठाणं आहे. तिथला गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायचा. मग कर्त्या माणसानं गाऱ्हाणं घालायचं आणि गप उभं राहायचं. देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वडील एरवी कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते, पण कळी पडली की विषय संपला.

एकदा त्या कळ्या माझ्यासाठी लागल्या. मी सहा-सात वर्षांची असेन. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, इस्लामपूरला असायची. काका साखर कारखान्यात होते, घरात सगळं होतं, फक्त मूलबाळ नव्हतं. आम्ही तिघी बहिणी, त्यात मी शेंडेफळ. मावशीनं मला मागितलं. वडील म्हणाले, "देवीला इचारू." आईला कुणी विचारलंच नाही.

आणि खरं सांगू का? मला जायचं होतं. मावशीकडं टीव्ही होता, सोप्यात झोपाळा होता आणि तिचा शिरा म्हणजे नुसता तुपात लोळायचा. आमची आई दिवसभर करवादायची. तेव्हा माझं मत विचाराल तर मी कधीच झोपाळ्यावर जाऊन बसले होते.

मंगळवारी सगळे देवळात गेलो. मावशीनं माझ्यासाठी नवा पिवळा फ्रॉक आणला होता. त्याची पिशवी छातीशी धरून ती खांबाला टेकून उभी होती. वडिलांनी हात जोडले. "आई, ही पोरगी मावशीच्या पदरात घालावी का? कौल दे."

उजवी कळी टपकन पडली. एरवी तासभर ताटकळत ठेवणारी देवी, तिला त्या दिवशी कसली घाई झाली होती कोण जाणे! "उजवा!" गुरव म्हणाला. "द्या म्हणती आई." मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तेवढ्यात आई पुढं आली. वडिलांसमोर चार माणसांत तोंड उघडलेलं तिला मी कधी बघितलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"गुरवबाबा, परत कळ्या लावा."

"आगं, एकच गोष्ट देवीला दोनदा इचारत न्हाईत," वडील म्हणाले.

"ते तुमी इचारलंसा. माझं इचारायचं राहिलंय."

गुरवानं वडिलांकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि मुकाट्यानं कळ्या लावल्या. आई म्हणाली, "आई, हिच्याबिगर मला ऱ्हाता येईल का, तेवढं सांग."

आणि मग काहीच झालं नाही. ना उजवी पडली, ना डावी. नैवेद्याला मुंग्या लागल्या. गुरवाची जेवणवेळ टळून गेली, वडील उगीच खाकरत राहिले. आई हलली नाही. सगळे कळ्यांकडं बघत होते. मावशी तेवढी आईकडं बघत होती.

बऱ्याच वेळानं मावशी खांबापासून निघाली. फ्रॉकची पिशवी तिनं माझ्या हातात दिली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आक्का, चल घरी. न्हाई पडत ती."

"पण कौल तर तुझ्या बाजूनं झालाय की," वडील म्हणाले.

"व्हय दाजी. देवीनं मला दिली. मी आक्काला दिली. झालं की!"

घरी येताना झोपाळा गेला म्हणून मी भोकाड पसरलं. आईनं पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच मला असं आवळून धरलं की माझा जीव घुसमटला. मावशी पुढं चालली होती. ती मागं वळली नाही.

तिनं पुन्हा कुणाचं मूल मागितलं नाही. दर दिवाळीला माझा फ्रॉक मात्र यायचा, पुढं पंजाबी ड्रेस, मग साडी. तिच्या पिशवीची वाट मी जितकी बघितली, तितकी सणाचीही बघितली नाही.

आता आई नाही, वडील नाहीत. काकाही गेले. मावशी इस्लामपुरात एकटी, गुडघे धरलेले. मी साताऱ्यात असते. वर्षभर मागं लागले, चल माझ्याकडं. तिचं एकच पालुपद, "भाचीच्या दारात जाऊन ऱ्हाऊ? लोक शेण घालतील तोंडात." शेवटी म्हणाली, "देवी म्हणल तसं."

गेल्या महिन्यात तिला गाडीत घालून गावी नेलं. तिचे चार कपडे पिशवीत भरून घेतले होते, तेही माझ्या हट्टानं. गुरवाचा मुलगा आता पूजा करतो. त्यानं कळ्या लावल्या. मावशीनं विचारलं, "हिच्याकडं जाऊ का गं आई?"

डावी कळी पडली.

"बघ, न्हाई म्हणती," मावशी म्हणाली. बळंच हसलीसुद्धा. "चल, मला ष्टँडवर सोड."

माझं डोकंच फिरलं. देवी असली म्हणून काय झालं! मी ओढणी डोक्यावर घेतली आणि पुढं झाले. "दादा, परत कळ्या लावा."

"आगं, दोनदा इचारत न्हाईत," मावशी म्हणाली.

"ते तू विचारलंस, मावशी. माझं विचारायचं राहिलंय."

मावशी खांबाला धरून हळूहळू खाली बसली. पदराचा बोळा तोंडात धरून कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग गुरवाला म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं बाबा, लावू नगंस." आणि मला म्हणाली, "माझी पिशवी गाडीतच हाय न्हवं?"