चुंबळ वळली नाही

“सिलिंडर बंद कुणी केला होता, काका? एवढंच विचारतेय.”

“बंद कुटं? चालूच हाय की. बघा, बुडबुडे येत्यात.”

“आज येतायत. खंडेनवमीला?”

“त्या दिशी पूजा केली. हार घातला, कुंकू लावलं. दरसाल करतोय.”

“आणि कॉक?”

बहिरूकाकांनी सिलिंडरच्या मानेत अडकलेली झेंडूची वाळकी पाकळी नखानं काढली. “पूजंला बसवलेलं हत्यार चालू ठिवायचं नसतं, ताई. अर्धा तास इसावा दिला. तुमी जेवाया गेला हुता. परत सोडला की ग्यास!”

गौतमी स्टूल ओढून बसली.

कासार आंबोलीजवळ आज ही प्रयोगशाळा आहे, तिथं बहिरूकाकांचं आंबेमोहोर भाताचं खाचर होतं. जमिनीबरोबर त्यांनाही कामावर घेतलं, आणि चौदा वर्षं त्यांनी इथले सिलिंडर बैलांसारखे सांभाळले. गौतमीताईचं कामही त्यांनी विचारून विचारून समजून घेतलेलं. फ्री रॅडिकल म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा उतावळा गडी. समोर येईल त्याला धरणार. त्यानं आपल्याच रेणूचं दुसरं टोक धरलं, तर वलय होतं. चार कार्बन, एक नायट्रोजन. “म्हंजी चुंबळ!” काका म्हणाले होते. डोक्यावर हंड्याखाली ठेवतात ती. तेव्हापासून दोघं चुंबळच म्हणत. फक्त हवेतला ऑक्सिजन आत नको, गडी आधी त्यालाच जाऊन चिकटतो. म्हणून आरगॉन वायू सोडून फ्लास्कमधली हवा हाकलायची.

हे सगळं काकांना ठाऊक होतं. म्हणूनच आता ते परत परत कॉक तपासत होते.

“मी आले, बुडबुडे पाहिले आणि उरलेला सगळा माल ओतला,” गौतमी म्हणाली. “सगळा, काका! सहा महिने खपून केलेला. एक चुंबळ वळली नाही.”

“इतक्यासाटी काय सांगायचं, वाटलं...”

“सांगितलं असतंत, तर आत शिरलेली हवा निघेपर्यंत अर्धा तास थांबले असते मी! अर्धाच तास!”

“तुमच्या मोठ्या सरांस्नी माजं नाव सांगा. म्हातारा येडा हाय म्हना.”

“तुमच्या नावानं वलय होणारय? सोमवारी सरांना ते दाखवायचं होतं. नाहीतर प्रकल्प बंद.”

“मग परत लावू. मी हितनं हलत न्हाई. पानी प्यायलाबी जात न्हाई. परत केलं की हुईल ना, ताई?”

गौतमीनं फ्लास्क उजेडात धरला. तळाशी पिवळा चिकटा. तिनं तो हळूच ठेवला आणि ॲप्रन खुंटीला अडकवला.

“ताई, हुईल ना?”

ती दार लोटून निघून गेली.