दारं फिरवली त्याची गोष्ट

साठ-एकसष्टच्या सुमाराला मी दिग्रसकडच्या एका तांड्यावर ग्रामसेविका होते. सरकारनं तिथल्या बंजारा कुटुंबांसाठी दोन रांगांत कवेलूच्या छपराची पक्की घरं बांधली होती. लोकांना त्या घरांत राहायला न्यायचं, रुळवायचं, हे माझं काम. वय माझं बावीस. माझा धाक कुणालाच नव्हता, बकऱ्यांनाही नाही.

पावसाळा उलटला तरी माणसं शेजारच्या जुन्या झोपड्यांतच राहत होती आणि नव्या घरांत बकऱ्या ऐटीत रवंथ करत बसायच्या. अशात यवतमाळहून निरोप आला, साहेब पाहणीला येताहेत.

मी तांड्याच्या नायकाकडे धावले. तो मान खाजवत म्हणाला, "याडीले विचारा."

याडी म्हणजे आई. ती नायकाची म्हातारी आई, पण अख्खा तांडा तिला याडीच म्हणायचा.

"याडी, काहून जात नाही तुमी घरात?"

"साऱ्यायची दारं सडकेकडं. माह्या दारातून समोरच्या घराची पाठ दिसते. कोणाकडं कोण आलं, कोण कोणाशी भांडलं, मले कसं समजन?"

"त्याच्यावाचून काय अडलं?"

"पाठ फिरवलेल्या माणसाशी तू बोलून पाह्य बरं!" असं म्हणून ती खरंच माझ्याकडे पाठ करून बसली. तिच्या ओढणीवरच्या आरशांत मला माझंच तोंड तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. त्या तोंडांशी मी थोडा वेळ वाद घातला आणि हरले.

"पुढच्या रांगेची दारं मागं फिरवली तर?" मी बोलून गेले. "पण घरात बदल करायले मनाई हाये. दुरुस्ती तेवढी चालते."

याडी गर्रकन वळली. "मंग चौकटीले वाळवी लागली."

"नव्या सागवानी चौकटीले?"

"लय हावरी हाये इकडली वाळवी."

तांड्याचा एक जावई दिग्रसला गवंडीकाम करायचा. त्याला बोलावलं. बायांनी माती कालवली, आणि दाराच्या जागी खिडकी, खिडकीच्या जागी दार आलं. दोन्ही रांगा समोरासमोर येताच याडीनं सर्वांत आधी आपलं बिऱ्हाड हलवलं. मागोमाग सगळे.

साहेब आले. त्यांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि घरांकडे पाहत राहिले.

"साहेब, कागद उलटा धरला तुमी," याडी म्हणाली.

त्यांनी निमूट नकाशा फिरवला. आता पुढची रांग जुळली आणि मागची बिघडली.

"आता बराबर," याडी म्हणाली. मी पदर तोंडात कोंबला.

साहेबांनी घरं आतून पाहिली. चुली पेटलेल्या होत्या, पाळणे टांगलेले होते.

"ही दारं?" त्यांनी मला विचारलं.

"वाळवी लागली होती, साहेब."

त्यांनी चौकटीवर बोटानं टकटक करून पाहिलं. जीपमध्ये बसताना हळूच म्हणाले, "बाई, पुसदकडच्या वस्तीतही लोक घरांत जात नाहीत. ही वाळवी तिकडे धाडता येईल?"

एक घर रिकामं उरलं होतं. याडीनं माझी ट्रंक परस्पर तिथं आणून ठेवली. पहिल्याच सकाळी बाया माझं घर पाहायला आल्या. चूल मी वाऱ्याच्या तोंडाशी मांडली होती. एकीनं दगड उचलून कोपऱ्यात नेले, दुसरीनं मला भाकरी थापायला बसवलं, आणि तव्यावरचा तो आकार पाहून सगळ्या दुपारपर्यंत हसत होत्या. पुढं बदली होईपर्यंत मी तिथंच राहिले.