उजवीकडचा चेंडू

लियाओ वन-पिनला मी सतरा महिन्यांत तीन ग्राफिक्स कार्डं विकली. तिन्ही चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे काहीही बिनसलं की पहिला संशय मालावर घेतात, आणि माझ्या मालावर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नाही. तैपेतल्या जुन्या कॉम्प्युटर बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, बावीस वर्षं माझा गाळा आहे. नवरा होता तोवर तो तोंड चालवायचा आणि मी स्क्रूड्रायव्हर. आता दोन्ही मीच चालवते.

लियाओदादा शहर बसचा ड्रायव्हर. वय सत्तावन्न, आखूड मान, पोट पुढे, तोंडात सुपारी. एकतीस वर्षं बस चालवली पण माझ्या हातून कुणाला साधं खरचटलं नाही, हे तो दर भेटीत ऐकवायचा. तरुणपणी बस कंपनीच्या संघातून टेबल टेनिस खेळलेला. गुडघे गेले तेव्हा लेकीने डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आणून दिला. हॉलमध्ये उभं राहायचं, हातातल्या दांडीला बॅट समजायचं, समोर ओसाकाचा नाहीतर बुसानचा कुणीतरी अनोळखी गडी. दादाला त्याचं वेडच लागलं. त्याचं पोट डोळ्यांवर चालायचं आणि करमणूकही डोळ्यांवरच. आज मागे वळून पाहिलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा यात भीती वाटण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पितरांच्या कबरी झाडायची सुट्टी संपल्यावर तो पहिल्यांदा आला.

"शेठाणी, उजवीकडे आलेला चेंडू गायब होतो हो. डावीकडे कसं सगळं सरळ चालतं. उजवीकडे गेला की गेला."

"कार्ड किती जुनं?"

"सहा वर्षं."

"मग दुसरं काय होणार? म्हातारं झालंय ते."

हेडसेटला चित्रं पुरवायचं काम कॉम्प्युटरमधल्या या कार्डाचं, आणि त्याला सेकंदाला नव्वद चित्रं सरकवावी लागतात. कमी पडली की चित्र अडखळतं, चेंडू उड्या मारतो, माणसाला मळमळायला लागतं. म्हणून चेंडू हरवला म्हटलं की आमच्या बाजारात आरोपी ठरलेला. तरी मी पहिल्या दिवशी काही विकलं नाही. ती माझी शिस्त आहे. आधी चित्राची बारीकी उतरवायची, तरीही आकडा चढत नसेल तरच कार्डाला हात लावायचा. कार्डांची नवी मालिका तोंडावर आली असेल तर दोन महिने दम धरायचा, जुन्याचा भाव आपोआप उतरतो. आणि एका वेळी एकच भाग बदलायचा, म्हणजे खोट नेमकी कुठे आहे ते कळतं. दादाला हे सगळं नीट समजावून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी तो कॉम्प्युटरचा सगळा डबाच उचलून घेऊन आला. काही फरक नव्हता.

मग मी त्याला एक वापरलेलं पण निगुतीनं ठेवलेलं कार्ड बसवून दिलं. हेडसेट स्वतःच्या डोक्याला चढवला, गाळ्यातच उभी राहून वीसेक चेंडू मारले. उजवीकडचे, डावीकडचे, सगळे दिसले. "लख्ख," मी म्हटलं आणि त्याला पडद्यावरचा आकडा दाखवला. आमची पद्धतच तशी आहे. विकणाऱ्याने लावून बघायचं, गिऱ्हाइकाने आकडा बघायचा. दादा खूश होऊन वळला आणि त्याच्या उजव्या कोपराने माझा चहा आडवा केला.

"अहो, लक्ष कुठे आहे?"

"तुमचा गाळा म्हणजे खुराडं आहे, शेठाणी. माणसाने कोपर ठेवायचं तरी कुठे?"

दोघंही हसलो. मी फडकं घेऊन काउंटर पुसला.

थंडीत तो पुन्हा आला. या वेळी बोलणं जरा तिरसट होतं. लोक कंपनीला फोन करून तक्रारी करत होते की बस थांब्यावर न थांबता पुढे निघून जाते. आमच्याकडे थांब्यावर हात वर केल्याशिवाय बस थांबत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"हात वर करायचाही कंटाळा आलाय यांना," दादा म्हणाला. "मुंडी मोबाईलमध्ये आणि हात कमरेएवढा. मी काय मनकवडा आहे?"

"आणि हे दंडावर काय झालं?" जाकीट काढताना मला उजव्या दंडावर काळानिळा डाग दिसला होता.

"दाराची चौकट लागली. बायको घरातली दारं आवळत चाललीय बहुतेक."

मी त्याचीच बाजू घेतली. लोक आळशी झालेत, असं म्हणाले. त्या दिवशी तपासणीत खरंच एक खोट सापडली, आणि तिनेच माझा घात केला. खेळ रंगात आला की आकडा नव्वदवरून सत्तरवर घसरत होता. वीज पुरवणारी पेटी कमजोर होती, कार्ड उपाशी राहत होतं. मला कोण आनंद झाला. पेटी बदलली, आठवडाभराने कार्डही बदललं, आणि शेजारच्या गाळेवाल्यालाही ऐकवलं की मी कशी खोट पकडली.

या उन्हाळ्यात नवी मालिका बाजारात आली. दादाने पहिल्या महिन्याची गर्दी ओसरू दिली, मी शिकवल्याप्रमाणे. मग डब्याची आतली लांबी टेपने मोजून आला आणि तिसरं कार्ड घेऊन गेला. वीट असावी एवढं जाड धूड ते. अख्खी दुपार चालवून बघितलं, आकडा नव्वदवरून जागचा हलला नाही. तीन दिवसांनी दादा परत माझ्या समोर उभा.

"उजवीकडचा अजून जातो."

माझं डोकं फिरलं. "दादा, आता कार्डात काही नाही, पेटीत काही नाही. वय झालंय तुमचं, मान्य करा की."

एरवी त्याने दोन शब्द परत फेकले असते. तो हसला नाही. काउंटरची कड धरून हळूहळू बोलला, "चेंडू जातो तिथे काळोख नसतो, शेठाणी. तिथे काहीच नसतं."

ते मी नीट ऐकलं. पण मी काय केलं? हेडसेटची वायर बदलली, स्वतःच्या डोक्याला लावून बघितली आणि म्हटलं, आता बघा.

त्यानंतरची गोष्ट सप्टेंबरमधली. दुपारचे चार, कडक ऊन, रस्ता स्वच्छ. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, थांबा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला येतो; तिथे मी एकटीच होते. लांबून दादाची बस दिसली तसा मी हात वर केला. कमरेएवढा नाही, चांगला डोक्याच्या वर. हातात भाजीची पिशवी होती, ती सुद्धा हलवली. बस जवळ आली. काचेमागे दादाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. शांत, समोर बघणारा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंडात सुपारी. मी हाक मारली. चेहरा तसाच राहिला. बस माझ्या अंगावर वारा फेकत निघून गेली, पुढे जाऊन उजवीकडे सरकली, आणि कडेच्या पट्ट्यातली एक बाई स्कूटरसकट फुटपाथला चिकटली. तिच्या पुढ्यात दप्तर लावलेली पोर उभी होती. बाईने हॉर्न दाबून धरला. बसचा वेग जराही कमी झाला नाही.

माझा हात अजून वरच होता. बस दिसेनाशी झाल्यावर तो खाली आणला. चहा, दंड, चौकट, तक्रारी, सगळं एकदम समोर आलं. त्या बसमध्ये त्या वेळी तीसचाळीस माणसं असतील.

टॅक्सी करून शेवटचा थांबा गाठला. दादा ड्रायव्हरांच्या खोलीत डबा खात बसला होता. पाच पावलांवर त्यांचा साहेब फेऱ्यांचा तक्ता भरत होता.

"अरे, शेठाणी? कार्ड परत घ्यायला आलात का काय?"

"डावा डोळा झाका."

"जेवू तरी द्या."

"झाका म्हणते ना."

त्याने हसत हसत तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला. मी त्याच्या समोर उभी राहिले, हाताच्या अंतरावर.

"मी दिसते?"

तो बराच वेळ बघत राहिला. "नाक दिसतं," तो म्हणाला.

"आणि बाकीची?"

"बाकी नाही." त्याने हात काढला, परत ठेवला, परत काढला. चॉपस्टिक्स मांडीवर पडल्या. मग तो माझ्याकडे वाकला. "हळू बोला. पाच वाजताची फेरी आहे माझी. तेवढी करतो, मग काय ते बघू."

"एकही फेरी नाही."

"शेठाणी, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. दोनच. इतकी वर्षं नीट चालवली, अजून दोन चालवेन. मान जरा जास्त वळवेन. हळू बोला, तुमच्या पाया पडतो."

मी हळू बोलले नाही. साहेबाने तक्त्यावरून मान वर केली आणि पेन खाली ठेवला. पाच वाजताची फेरी दुसऱ्याने केली. दादा त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नंतर चार दिवस त्याने फोनही उचलला नाही. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोने फोन केला आणि म्हणाली, डॉक्टरकडे तुम्हीच न्या, तुमचं ऐकतील, माझं नाही ऐकत.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिने सरळ सांगितलं. डोळ्यात दाब वाढत जातो, दुखत नाही, दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. उजवा जवळजवळ गेला होता. डावा अर्धा. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली रोज थेंब घालून सांभाळायची. बसचं नाव काढायचं नाही.

"पहिल्यांदा कधी जाणवलं?" तिने विचारलं.

दादाने तोंड माझ्या बाजूला वळवलं. "शेठाणी, पहिलं कार्ड कधी नेलं मी?"

"गेल्या वर्षी. एप्रिलमध्ये," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "सतरा महिने. तेव्हा आला असता तर निवृत्तीपर्यंत आरामात चालवली असती बस."

सतरा महिन्यांत तीनदा मी तो हेडसेट कुणाच्या डोक्याला लावला होता? माझ्याच. एकदा, फक्त एकदा त्याच्या डोक्याला लावून म्हटलं असतं, दादा, एकेक डोळा मिटून बघा, दोन्ही डोळ्यांपुढचे पडदे चालतात ना. दोन मिनिटांचं काम होतं. नव्या हेडसेटला मी ते न चुकता करते.

बाहेर औषधाच्या खिडकीपाशी रांग होती. मी त्याची फाईल धरून उभी होते, तो भिंतीला पाठ लावून. नंबर पुकारत होते. मग त्याने समोर बघितलं, डावीकडे बघितलं, आणि चेहरा एकदम उतरला.

"शेठाणी?" तो म्हणाला. "गेलात का?"

मी त्याच्या उजव्या हाताला होते. माझी बाही त्याच्या बाहीला लागत नव्हती एवढंच, नाहीतर वीतभरही अंतर नव्हतं.

"शेठाणी?"

मी त्याच्या पुढून वळसा घालून डावीकडे गेले, तेव्हा कुठे त्याचा चेहरा ताळ्यावर आला.

"मला वाटलं, एकट्याला सोडून गेलात," तो म्हणाला.

"इथेच होते, दादा," मी म्हणाले.