जिथं बस थांबली नाही

सोमवारी सकाळी भाटवे चप्पल घालायला वाकले आणि पडले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते.

भाटवे म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांनी वरठीच्या कारखान्यात नोकरी केली, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं आणि दाढी मात्र जन्मभर परगावात केली. हे थोडं वाढवून सांगतो आहे, पण फार नाही. रजा मिळणार असं दिसलं की ते दाढी वाढू द्यायचे. मग एका सकाळी खांद्याला पिशवी लावून निघायचे आणि दोन-चार दिवसांनी गुळगुळीत गालांनी परतायचे. मधल्या काळात कुठल्याशा गावच्या न्हाव्यासमोर बसून त्या गावची सगळी खबर घेतलेली असायची. "हाटेलवाल्याले घाई असते," ते म्हणायचे. "न्हाव्याच्या हातात आपली मान असते. तो आरामात बोलते."

कुठे निघालात, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असे. "जे गाडी पहिले येईन, तिकडं." पॅसेंजरच्या खिडकीतून एखादं गाव बरं वाटलं की ते उतरत. धर्मशाळेत, बुद्धविहारात, शाळेच्या ओसरीवर झोपत. ते गाव जे खाईल ते खात. मी भंडाऱ्याच्या वाचनालयात काम करणारा, प्रवासवर्णनं वाचून हौस भागवणारा. ते मला म्हणत, "तू वाचत राह्य बाप्पा. मी पाहून येतो."

ताई त्यांच्यासोबत कधी गेली नाही. आधी सासूचं आजारपण, मग मुलांच्या शाळा. पुढे मोकळी झाली तेव्हा म्हणाली, "कोठं झोपाचं, कोठं खायाचं, काही ठिकाण नाही तुमचं. मी नाही येत." भाटवे हसले आणि पिशवी उचलून एकटेच निघाले.

त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी एकट्यानं फिरायला बंदी केली. त्याच वर्षी विहारातल्या मंडळींनी सांची, पचमढी आणि भेडाघाटची बस काढली. ताईनं दोघांची नावं दिली. भाटवे नेहमीसारखी दाढी वाढवून बसमध्ये चढले आणि खिडकीची जागा तिला दिली.

परतले तेव्हा दाढी तशीच होती, उलट जास्त वाढलेली. मी विचारलं, कशी झाली सहल? ताई भरभरून बोलली. सोबत स्वयंपाकी होता, वेळेवर गरम चहा मिळत होता, सांचीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती आत गेल्यावर भाटवे हळूच म्हणाले, "चांगलीच होती. तुह्या ताईले लय आवडली. पण गाव एकबी नाही दिसलं रे. पार्किंगच पार्किंग पाहून आलो. स्तूपापाशी जरा बसलो, का वाजवली बसवाल्यानं शिट्टी. अन् जिथं जाऊ तिथं आपलंच वरण." मग गालावरून हात फिरवत ते वरठीच्याच न्हाव्याकडे गेले.

पुढचं मला ताईनं नंतर सांगितलं. परतीच्या दुपारी बसमध्ये माईकवर अंताक्षरी चालली होती. एक पूल ओलांडला आणि भाटव्यांनी एकदम काचेवर बोट ठेवलं.

"अवं, पाह्य! त्या तळ्यापाशी मी राहिलो होतो."

ताईला पायऱ्या असलेलं एक तळं दिसलं, काठावर पांढरी लहानशी इमारत, धुणं वाळत घातलेलं. भाटवे उठून सहलीच्या व्यवस्थापकाकडे गेले. दहा मिनिटं थांबवता का म्हणाले.

"काका, तुमच्यासाठी थांबवली तर मग सगळ्यांचीच गावं निघतील."

"काकांची जुनी ओळख दिसते कोणी!" मागून कोणीतरी ओरडलं. बस हसली. भाटवेही हसत जागेवर आले.

"कोणतं गाव होतं ते?" ताईनं विचारलं.

"आता नाही सांगत. थंडीत आपण दोघंच येऊ, पॅसेंजरनं. उतरल्यावरच सांगतो तुले."

"बरं," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हो म्हणाली होती. "झोपाचं कोठं, हे नाही विचारलं मी," तिनं मला सांगितलं.

थंडी पडू लागली. भाटव्यांनी दाढी करणं बंद केलं. ताईनं ते पाहिलं आणि दोन लुगडी धुऊन इस्त्रीला दिली. नंतर तो सोमवार आला.

विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. ताई मला एवढंच म्हणाली, "भाऊ, ते गाव शोधून दे." मी व्यवस्थापकाला फोन केला, त्यानं ड्रायव्हरचा नंबर दिला. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "सर, त्या रोडनं पूल बी लय अन् तळेबी लय. जिथं गाडी उभीच नाही केली, त्याचं नाव काय सांगू?" भाटवे आपल्या गावांबद्दल बोलायचे खूप, पण लिहीत काही नसत. मी मोबाइलवर नकाशा उघडला, त्या रस्त्यावरच्या तळ्यांची छायाचित्रं शोधली आणि एकेक ताईसमोर धरली. ती चष्मा लावून नीट पाहायची आणि मान हलवायची. "हे नव्हे."

शेवटी मी म्हणालो, कार करू, त्याच रस्त्यानं हळूहळू जाऊ, दिसेल.

"कारनं नाही," ती म्हणाली. "पॅसेंजरनं म्हटलं होतं त्यायनं. अन् कोणत्या टेसनावर उतराचं, हे त्यायलेच माहीत होतं."

ताई वरठीच्या घरी एकटी राहते. मी रविवारी जातो. ते गाव अजून तिथंच असेल. आम्हाला त्याचं नाव माहीत नाही.