जेवायला चला

आमच्या नागावात जाहिराती करणारी एक मुलगी आहे. जाहिरात तयार झाली की लॅपटॉप माझ्या ओट्यावर ठेवते, मागे मागे विहिरीपर्यंत जाते आणि एक डोळा मिटून बघते. तिथून वाचता आलं नाही, की मला म्हणते, "न्हाय, आजी, न्हाय!"

माझ्या पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. भटकंतीच्या साइटवर आपली जाहिरात लावायची, तिथून पाहुणा आला की साइटवाल्यांना कमिशन, ही युक्ती तिचीच. मी हौसेनं तरुणपणीचा फोटो दिला. माडाला टेकलेली, मान वाकडी, स्वतःला नटी समजणारी बया!

"आजी, हिच्याकडं जेवायला कोण येल?"

तिनं माझा आताचाच, पळी उगारून हाका मारतानाचा फोटो लावला. खाली दोनच शब्द: "जेवायला चला."

आता खोल्या भरल्यात. परवा पाहुण्यांआधी तिला वाढलं. ताटाकडेही तिनं एक डोळा मिटून बघितलं.

"व्हय, आजी, व्हय!"